गावच्या गेम सर्व्हरची चावी हातात आली, आता पुढं?

सर्व्हरचा मालक एखाद्या रात्री म्हणतो, "भाऊ, तू जरा समजदार वाटतो, तुला ओपी देतो." ओपी म्हणजे ऑपरेटर, माइनक्राफ्ट या गेमच्या सर्व्हरवर कमांड चालवायचा अधिकार. छाती फुगते. माझीही फुगली होती. तरी सांगतो, ओपी घेऊ नका. घेऊन बसला असाल तर परत करा आणि जेवढं काम तेवढाच अधिकार मागून घ्या.

माइनक्राफ्टच्या जावा (संगणकावरच्या) आवृत्तीत ओपीच्या चार पायऱ्या असतात. पहिलीला स्पॉनजवळच्या (खेळाडू पहिल्यांदा उतरतो ती जागा) राखीव जागेत तोडफोड-बांधकाम करता येतं, एवढंच. दुसरीला गेममोड (खेळायची पद्धत) बदलणं, वस्तू वाटणं, टेलिपोर्ट (क्षणात दुसरीकडं जाणं). किक (खेळातून बाहेर काढणं) आणि बॅन (बंदी) येतात तिसरीवर, सर्व्हर बंद करणं चौथीवर. म्हणजे दंगा करणाऱ्या पोट्ट्याला बाहेर काढायचं तर हिरे वाटायचा आणि दुसऱ्याला ओपी करायचा अधिकारही आपोआप पदरात पडतो. मालकानं सेटिंगला हात लावला नसेल तर ओपी देताच थेट चौथी पायरी मिळते. कोतवालाला काठी द्यायची म्हणून तहसीलच्या तिजोरीची किल्लीही सोबत दिली, असा हा प्रकार.

यावर उपाय फुकट आहे. लकपर्म्स नावाचं प्लगइन (सर्व्हरला जोडायचा जादा प्रोग्रॅम) टाकायचं, त्यात 'मदतनीस' असा गट काढायचा आणि त्या गटाला मोजक्या कमांड द्यायच्या: म्यूट (चॅट बंद करणं), किक, ठरावीक मुदतीची बॅन, आणि कुणी काय ठेवलं-तोडलं याची नोंद ठेवणाऱ्या कोअरप्रोटेक्ट या प्लगइनमधली फक्त तपासणी. क्रिएटिव्ह मोड (त्यात सगळ्या वस्तू फुकट मिळतात) नाही, वस्तू वाटणं नाही. रोलबॅक (झालेली तोडफोड पूर्ववत करणं) दोन-तीन महिने काम पाहून मग. कुणी लग्नाला, यात्रेला गेलं तर बदली माणसाला चार दिवसांपुरता अधिकार देता येतो, मुदत संपली की तो आपोआप निघून जातो. कुणाला कधी काय अधिकार दिला याची नोंदही लकपर्म्स स्वतः ठेवतं.

आमचा सर्व्हर यवतमाळ जिल्ह्यातला, पाच-सहा खेड्यांतल्या पोट्ट्या-पोट्टींचा. काही जावावर खेळतात, बहुतेक मोबाइलवर. दोघांना एका जगात आणायला गायझर आणि फ्लडगेट ही प्लगइन लावलेली आहेत. मी गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो, दुकान बंद केल्यावर अ‍ॅडमिनगिरी. पगार शून्य. चुका भरपूर केल्या, त्यातल्या ज्या दुसऱ्याच्या कामी येतील त्या इथं लिहितो.

आधी वही, मग काठी

दिवसभर लोकांचे पीकविम्याचे आणि दाखल्यांचे फॉर्म भरून मला एक खोड लागली आहे: कागदावर नाही ते झालंच नाही. सर्व्हरवरही तेच लावा. एक साधी शीट काढा, सगळ्या मदतनिसांना उघडी, बाहेरच्यांना बंद. रकाने असे: तारीख-वेळ, खेळाडूचं नाव, तक्रार, तपासणीत काय दिसलं, काय केलं, किती दिवसांसाठी, कुणी केलं. आणि शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: कुणी तपासलं.

माझ्या कामाची मी एकच कसोटी ठेवली आहे. उद्या मला ताप आला, मोबाइल विहिरीत पडला, तरी दुसऱ्या मदतनिसाला माझी ओळ वाचून सगळं कळलं पाहिजे आणि माझं चुकलं असेल तर एका मिनिटात उलटवता आलं पाहिजे. जे उलटवता येणार नाही ते एकट्यानं करायचंच नाही.

नोंद कशी असावी, हे एक उदाहरण घ्या:

"१४ मे, दु. ३:२०. तक्रार: नदीकाठच्या घरातल्या पेटीतून ११ हिरे गेले. तपासणी: पेटी दु. १:०५ ला उघडली ती तक्रारदाराच्याच खात्यावरून. त्याला विचारलं, त्यानं घरात विचारलं. लहान बहीण त्याच मोबाइलवर खेळली, हिरे लाव्हात टाकून पाहिले. कारवाई नाही. तपासलं: दुसरा मदतनीस, रात्री ९."

या पाच-सहा ओळी नसत्या तर त्या दिवशी शेजारच्या घराचा पोट्टा चोर ठरला असता. तक्रारीत नाव त्याचंच होतं.

तक्रार आली की

मे महिना. दुपारी पारा पंचेचाळिशीकडं, गल्लीत कुत्रंही फिरकत नाही आणि सगळी पोट्टी कूलरसमोर मोबाइल घेऊन. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटाकडं उघडतात, त्यामुळं हा मोसम लांबतो. वर्षातल्या निम्म्या तक्रारी याच दिवसांत येतात आणि सगळ्या एकाच सुरात: "दादा, माझं घर फोडलं, अमक्यानं फोडलं, त्याला बॅन करा, आत्ताच करा."

सुरुवातीच्या दिवसांत अशाच एका दुपारी मी 'आत्ताच' केलं होतं. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट आला होता, त्यात आरोपी पडलेल्या भिंतीपाशी उभा. मला वाटलं आणखी काय पाहिजे. संध्याकाळी लॉग (सर्व्हर आपोआप ठेवतो ती नोंद) उघडला तर घर फुटलं त्या वेळी तो सर्व्हरवर नव्हताच. नंतर आला, पडझड पाहून थांबला, तेवढ्यात कुणी फोटो काढला. बॅन उठवली, माफी मागितली, पण पोट्टा दोन महिने फिरकला नाही. स्क्रीनशॉटमध्ये कोण कुठं उभं होतं ते दिसतं. कुणी काय केलं ते दिसत नाही.

आता आम्ही असं करतो. तक्रारदाराला आधी चार गोष्टी विचारायच्या: जागा कोणती, कोऑर्डिनेट द्या, काय गेलं किंवा काय तुटलं, शेवटचं धड कधी पाहिलं होतं, त्या घरात आणखी कुणाकुणाला येऊ दिलं होतं. 'कुणावर संशय आहे' हे मुद्दाम विचारायचं नाही. नाव ते सांगतीलच, पण आपण विचारलं की तपास त्या नावाभोवतीच फिरतो.

मग स्वतः जागेवर जायचं आणि कोअरप्रोटेक्टची तपासणी चालू करायची. शिल्लक ब्लॉकवर क्लिक केलं की तो कुणी ठेवला हे दिसतं. जिथं ब्लॉक होता आणि आता नाही, तिथं हातातला एखादा ब्लॉक ठेवून पाहायचा, म्हणजे आधी काय होतं आणि कुणी काढलं ते चॅटमध्ये येतं. पेटीवर राइट-क्लिक केलं की कुणी किती वेळापूर्वी काय काढलं, काय ठेवलं याची यादी. वेळ 'इतक्या तासांपूर्वी' अशी येते, ती घड्याळाच्या वेळेत बदलून वहीत लिहा, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्या आकड्याला अर्थ उरत नाही. आणि हे प्लगइन बसवलं त्या क्षणापासूनच नोंदी ठेवतं. घर फुटल्यावर टाकलं तर त्या घराचं काहीच सांगू शकत नाही. नवीन सर्व्हर काढत असाल तर जग उघडायच्या आधी टाका.

त्यानंतर ज्याचं नाव आलं त्याच्याशी बोलणं, खाजगीत. "काऊन फोडलं?" असं विचारलं की पोट्टा एकतर नाकारतो नाहीतर शिव्या देतो. "परवा संध्याकाळी तिकडं काय झालं होतं?" असं विचारलं की गोष्ट सांगतो. एकदा कळलं की घरमालकानंच दोस्ताला सांगितलं होतं, जुनं पाड, नवीन बांधू, आणि मग दोघांचं भांडण झालं.

नुकसान आधी भरून द्यायचं, शिक्षा नंतर. ज्याचं घर गेलं त्याला घर पाहिजे असतं, दुसऱ्याची बॅन पाहून त्याचं पोट भरत नाही. रोलबॅक करताना खेळाडू, वेळ आणि अंतर, तिन्ही द्यायचे, आणि आधी प्रीव्ह्यू पाहायचा. आमच्या एका मदतनिसानं घाईत अंतर मोठं टाकलं, तर त्या पोट्ट्यानं घर फोडलं ते तर परत आलंच, सोबत शेजारी त्यानं स्वतःच्या मेहनतीनं दोन दिवस बांधलेला गोठाही गायब झाला. रोलबॅक उलटवता येतो म्हणून निभावलं. वहीत नेमकी कमांड लिहिलेली होती म्हणून लगेच निभावलं.

एका ठिपक्याची गोष्ट

मोबाइलवरून फ्लडगेटमधून आलेल्या खेळाडूच्या नावाआधी एक ठिपका लागतो. मूळ सेटिंग तशीच असते. जावावरच्या कुणाचं तेच नाव असलं तरी गोंधळ होऊ नये म्हणून ती सोय आहे. मी एकदा बॅन करताना ठिपका विसरलो. कमांड बिनतक्रार चालली, 'बॅन झाला' असं आलंही. पण झाला तो जगात कुठंतरी जावावर त्याच नावाचं खातं असलेला कुणी भलताच माणूस. आमचा बहाद्दर तिथंच चॅटमध्ये दात काढत होता.

म्हणून नाव टाइप करू नका, टॅब दाबून यादीतून घ्या. आणि शिक्षा दिल्यावर ती खरंच लागली का ते पाहून मगच वहीत लिहा.

शिक्षेची शिडी

इशारा, मग म्यूट, मग किक, मग एक दिवस, सात दिवस, महिना. कायमची बॅन सगळ्यात शेवटी आणि दोन मदतनिसांच्या संमतीशिवाय नाही. मूळ गेममधल्या बॅन कमांडला मुदत देता येत नाही, ती लागते ती कायमचीच. मुदतीसाठी एसेन्शियल्सएक्ससारखं प्लगइन लागतं. बॅनचं कारण खेळाडूला आत यायचा प्रयत्न केला की पडद्यावर दिसतं, म्हणून ते त्याच्यासाठीच लिहा. "ग्रीफिंग" (दुसऱ्याचं मुद्दाम मोडणं) एवढ्यावर सोडू नका. "१२ तारखेला तलावाजवळचं घर फोडलं. १९ ला परत ये. चुकीचं वाटत असेल तर दादाला विचार." दहा वर्षांच्या पोराला हे कळतं.

अपील नेहमी दुसऱ्या मदतनिसानं ऐकायचं. ज्यानं शिक्षा दिली त्यानं तिथं तोंड उघडायचं नाही, त्याची वही बोलेल.

आयपी बॅन, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यावरच बंदी, मात्र विसरून जा. शहरातल्या इंग्रजी मार्गदर्शिकांत ती शिडीची पुढची पायरी म्हणून सांगितलेली असते. आपल्याकडं बहुतेक सगळे मोबाइल डेटावर, आणि मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच बाहेरच्या आयपीमागं बसवतात. एका पोट्ट्याचा आयपी बंद केला की भलत्याच गावची पोट्टी दाराबाहेर राहतात, आणि ज्याला अडवायचं होतं तो फ्लाइट मोड चालू-बंद करून नवीन आयपी घेऊन आत येतो. दोन हॉटस्पॉटच्या भानगडी निस्तरल्यावर आम्ही ती कमांड गटातूनच काढून टाकली.

आणखी एक गावाकडची अडचण: एक मोबाइल, तीन भावंडं. खातं एकच, त्यामुळं शिक्षा घराला लागते. "दादा, मी नाही, माझ्या भावानं केलं" हे वाक्य शहरातला अ‍ॅडमिन बहाणा समजेल, आपल्याकडं निम्म्या वेळा खरं असतं. अशा घरांना आम्ही मुदत कमी देतो आणि घरातल्या मोठ्या भावंडाला जबाबदार धरतो. तेवढं पुरतं.

लाइन गेली तर

बऱ्याच सर्व्हरवर नियम असतो की लढाई चालू असताना जो गेम सोडून पळेल तो हरला, त्याचा माल जिंकणाऱ्याचा. ऐकायला बरोबर वाटतं. आमच्याकडं हा नियम पहिल्याच आठवड्यात मोडीत निघाला, कारण लढाई ऐन रंगात आली की लाइन जाते. घरचं वाय-फाय तेव्हाच बंद, आणि लाइन जास्त वेळ गेली तर टॉवरची बॅटरीही बसते, मग मोबाइलची रेंजही गेली.

पळाला की लाइन गेली, हे लॉगमधून बऱ्यापैकी कळतं. जावावाल्यांचं पाहायचं: स्वतः बाहेर पडला तर 'डिस्कनेक्टेड' असं येतं, कनेक्शन तुटलं तर अर्ध्या मिनिटानं 'टाइम्ड आउट'. पण लबाड पोट्टं वाय-फाय बंद करूनही टाइम्ड आउट मिळवतं, म्हणून नुसत्या त्यावर जाऊ नका. त्याच मिनिटात त्याच गावचे आणखी किती जण गेले ते पाहा. एका गावचे चौघं दोन मिनिटांत गळाले असतील तर ती लाइनच. एकटाच गेला आणि माल वाचल्यावर लगेच परत आला, तर त्याला बोलवा.

'बे' शिवी नाही

आमच्या मदतनिसांत एक जण पश्चिम महाराष्ट्रातला होता, कामाला चोख. त्यानं पहिल्याच दिवशी तीन पोट्ट्यांना म्यूट केलं, कारण एकानं लिहिलं होतं, "का बे, कुठी हायेस बे." त्याच्या कानाला ती शिवी. आपल्याकडं सख्खा दोस्त दुसऱ्या दोस्ताला 'बे' न लावता हाक मारेल तर समजायचं काहीतरी बिनसलं आहे. 'बे' कुणी कुणाला म्हटलं, त्याआधी काय चाललं होतं, समोरच्यानं काय उत्तर दिलं, हे वाचल्याशिवाय बोट उचलायचं नाही. यंत्राच्या शब्दचाळणीवर तर मुळीच विसंबू नका. ती रोमन लिपीतल्या मराठी शिव्या सोडते आणि साध्या शब्दांना पकडते.

एका बाबतीत मात्र शिडी नाही. जातीवरून बोललेलं, वस्तीवरून हिणवलेलं, सणाच्या दिवशी कुणाच्या महापुरुषावरून डिवचलेलं. तिथं इशारा नाही, पहिल्याच वेळी सात दिवस आणि घरच्यांशी बोलणं. पोट्टी म्हणतात, गंमत केली. गंमत म्हणून म्हटलेलं शाळेत, पाणवठ्यावर, बसमध्ये मागं मागं येतं, हे ज्यानं ऐकलेलं आहे त्याला सांगावं लागत नाही. १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा पोट्ट्यांना माहीत नसतो, आई-बापांना असतो.

आपलं स्वतःचं वागणं

अदृश्य होणं आणि भिंतीतून आरपार जाणं मदतनिसाला तपासासाठी मिळतं. त्याच नजरेतून कुणाचा हिऱ्यांचा साठा कुठं आहे तेही दिसतं. पाहिलं ते विसरायचं, निदान स्वतःच्या खेळात वापरायचं नाही. आमच्यात नियम असा की खेळताना साधं खातं, काम करताना मदतनिसाचं खातं; ज्याला दोन खाती परवडत नाहीत त्यानं कामाची वेळ वहीत लिहायची: "८:१० ते ८:३० तपास." त्या वीस मिनिटांत त्याच्या पेटीत हिरे वाढले तर वही विचारेल.

आपला भाऊ, भाचा, आपल्या टीममधला, आपल्या गल्लीतला, यांचं प्रकरण आलं की हात वर करून बाजूला व्हायचं. हे मोठमोठ्यांना जमत नाही. ईव्ह ऑनलाइन या गेममध्ये २००७ मध्ये खुद्द कंपनीच्या एका कर्मचाऱ्यानं नको ते अधिकार वापरून दुर्मीळ ब्लूप्रिंट मिळवल्याचं उघड झालं, आणि तो खेळत होता त्या गटाबद्दल एवढा गदारोळ झाला की पुढच्या वर्षी खेळाडूंनी निवडून दिलेलं मंडळ कंपनीला उभं करावं लागलं. आपल्याकडं मंडळ नाही, पण पानठेला आहे.

उपकारही तसेच. "दादा, मला घरापर्यंत टीपी करा ना, लांब आहे" (टीपी म्हणजे टेलिपोर्ट) ही दिवसातून दहा वेळा येणारी विनंती. एकाला केलं की सगळ्यांना करावं लागतं, आणि नाही केलं त्याला तुम्ही पक्षपाती. सरळ सांगायचं: पायी जा.

चांगला खेळाडू म्हणजे चांगला अ‍ॅडमिन हा समज फार जुना आहे. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात सुरू झालेल्या मड या मजकुरावर चालणाऱ्या जुन्या बहुखेळाडू गेममध्ये पुरेसे गुण मिळवणारा 'विझार्ड' व्हायचा आणि त्याच्या हातात बाकीच्यांवरची सत्ता यायची. ती सवय अजून गेली नाही. मी मदतनीस निवडताना पाहतो की भांडणात हा किती कमी बोलतो. आमची सगळ्यात चांगली मदतनीस खेळात अगदीच सुमार आहे, झॉम्बी दिसला की पळते.

तिच्यावरून आठवलं. बऱ्याच मुली मुलाच्या नावानं खेळतात, आणि तसं का करतात ते कुणाला विचारायची गरज नाही. मदतनिसाला आवाजावरून, ओळखीवरून कळतं. कळलं ते पोटात ठेवायचं. चॅटमध्ये खरं नाव, गाव, शाळा बाहेर काढणारा मदतनीस असेल तर त्याचे अधिकार त्याच रात्री काढा, पुढची चर्चा सकाळी.

गावात तुम्ही निनावी राहत नाही, हे शहरातल्या अ‍ॅडमिनला कळणार नाही. एका शुक्रवारी बाजारात भाजी घेत होतो, मागून आवाज आला, "काय गा बापू, आमच्या पोट्ट्याले काऊन काढलं रे त्या गेमातून? दोन दिसापासून जेवून नाही राह्यला."

काका आमच्या गल्लीचे. मी पिशवी खाली ठेवली आणि मोबाइलवर वहीची ओळ दाखवली. तारीख, वेळ, कुणाचं घर, किती दिवस. त्यांनी चष्मा वर करून सावकाश वाचलं.

"हे सारं लिहून ठेवता का तुमी?"

"हो काका."

"आमच्या सोसायटीतबी येवढं नाही लिहत," म्हणाले आणि वांग्याचा भाव करायला लागले. पोट्ट्याची शिक्षा कमी झाली नाही, त्यांनी मागितलीही नाही.

जिथं खेळ संपतो

मोठा माणूस लहान मुलाला व्हॉट्सअ‍ॅप नंबर मागतो, फोटो मागतो, "कुणाला सांगू नको" म्हणतो. इथं शिडी, अपील, समजूत काही नाही. आधी त्या दिवसाचा लॉग वेगळा उतरवून ठेवा. पेपर किंवा स्पिगॉट या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये खाजगी संदेशाची कमांडही लॉगमध्ये येते. मग लगेच त्या माणसाला बंद करा. मुलाच्या घरी फोन करा, शक्यतो स्वतः जा, आणि मुलाला कुणी रागावणार नाही हे आधी बघा. मूल घाबरून मेसेज पुसून टाकतं, ते मारापोटीच.

त्यानंतरचं काम आपलं नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, १९३० सायबर गुन्ह्यांसाठीची, आणि जवळचं पोलीस ठाणं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार अशा गुन्ह्याची माहिती किंवा शंका असलेल्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "गावात बदनामी होईल, मिटवून टाकू" म्हणणारे भेटतात, त्यांना हेच कलम सांगा. फोटो हाती आला तर 'पुरावा' म्हणून मदतनिसांच्या ग्रुपवर पाठवू नका, कुठंच पाठवू नका. मूल असल्याचं भासवून त्या माणसाला पकडायला जाऊ नका.

फुकट स्किन (गेममधला पेहराव), फुकट माइनकॉइनच्या (गेममधलं नाणं) नावाखाली एपीके फाइलची (मोबाइल अ‍ॅपची फाइल) लिंक टाकणारेही येतात. मोबाइल बापाचा असतो आणि त्यातच बँकेचं अ‍ॅप. लिंक पुसा, ज्यानं उघडली त्याच्या घरी त्याच दिवशी सांगा. पैसे गेले असतील तर १९३० वर जितका लवकर फोन तितकं बरं.

पैसे

"दादा, शंभराचं रिचार्ज मारतो, अनबॅन करा." नाही. लढाईवर खऱ्या पैशांची शर्त? तीही नाही, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायचे गेम बंद केले आहेत, आणि कायदा नसता तरी पोट्ट्यांच्या हातात हे नको. मालकानं होस्टिंगच्या खर्चासाठी वर्गणी काढली तर ठीक, पण पैसे देणाऱ्याला खेळात वरचढ करणारी वस्तू विकायला माइनक्राफ्टच्या कंपनीनं २०१४ पासून मनाई केली आहे. टोपी, नावाचा रंग, एवढ्यावर भागवा.

मालकांसाठी एक गोष्ट. अमेरिकेत एओएल कंपनीच्या चॅटरूम सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी १९९९ मध्ये दावा लावला की आम्हाला पाळ्या, हजेरी, अहवाल सगळं नोकरासारखं आणि पगार नाही. २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. आपला सर्व्हर एवढा मोठा नाही, पण फुकट काम करणाऱ्याला "काल रात्री ऑनलाइन का नव्हतास?" असं विचारायचा हक्क कुणालाच नाही.

पाळ्या आणि निरोप

पाळ्या शेताच्या हिशेबानं लावा. जूनमध्ये पेरणी, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी, नंतर हरभरा-गव्हाचं ओलीत आणि त्यात रात्रीची लाइन. या दिवसांत शेतकरी घरातला मदतनीस मिळत नाही, त्याच्याकडून वचन घेऊ नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीवाल्यांचे अधिकार आम्हीच काढून घेतो, परीक्षा संपली की परत. उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच दोन जण, बाकी वर्ष संध्याकाळी एक पुरतो. चोवीस तास पहारा ठेवायच्या भानगडीत पडू नका. रात्री काही झालं तर कोअरप्रोटेक्ट सकाळपर्यंत विसरत नाही.

कधीतरी तुम्हालाही सोडावं लागेल. सोडताना उघडी प्रकरणं वहीत खुणा करून दुसऱ्याला समजावून द्या. होस्टिंगचा पासवर्ड तुमच्याकडं असेल तर मालकाला बदलायला लावा, तुमच्यासमोर. गटातून नाव काढलं की किकची कमांड स्वतः टाकून पाहा, 'परवानगी नाही' असं आलं पाहिजे. जुन्या ओपीच्या यादीत नाव राहून गेलेलं असतं, तेही तपासा.

गेल्या वर्षी दुकानाचं काम वाढलं म्हणून मी चार महिने अधिकार सोडले होते. वहीत शेवटची ओळ लिहिली, दुसऱ्यानं तपासलं. दुसऱ्या दिवशी साधा खेळाडू म्हणून आत गेलो तर स्पॉनवर तोच पोट्टा उभा, ज्याचा बाप बाजारात भेटला होता.

"दादा, टीपी करा ना घरापर्यंत."

"आता येतच नाही मला."

"खरंच?"

कमांड टाकून दाखवली. लाल अक्षरात नकार आला. तो हसला, म्हणाला, "मंग चाला पायी," आणि आम्ही डोंगराच्या बाजूनं निघालो.